सात चौकटींचं पान

"काहीतरी बिघडलंय" ही तक्रार काकांकडे नोंदवून घेतली जात नसे.

टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर तो विभाग त्यांनी डोंबिवली पश्चिमेच्या आपल्या तीन खोल्यांत आणला. घरात एक लांबट वही असे. तिच्यात चार रकाने होते: काय दिसलं, केव्हापासून, शेवटचा बदल कोणी केला, दुसऱ्या टोकाला कोण आहे. मिक्सर, नळ, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड आणि काकूंची दाढ या सगळ्यांची नोंद याच चार रकान्यांत होई.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते आणि त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला आतल्या खोलीत उभं करून दार लावून घेतलं, स्वतः गॅलरीत गेले आणि तिथून साध्या आवाजात आकडे बोलू लागले. मी ते ऐकून परत म्हणायचे होते. दहांपैकी सात बरोबर आले. दार उघडून ते म्हणाले, "खोलीत दोष नाही. तुम्ही ऐकण्याकडे लक्ष द्या." दुसऱ्या दिवशी मी सामान आणलं.

त्या घरात तीन शब्दांना बंदी होती: बहुतेक, आपोआप, एकदम. पंप आपोआप बंद पडतो असं सांगायला आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना काकांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. पंप बंद पडताना कोणी पाहिला, त्याचं नाव घेऊन या, असा निरोप होता. सेक्रेटरी परत आले नाहीत. पंपही आठवड्याभराने सुरू झाला. काकांनी वहीत लिहिलं, "बंद झाल्याचा साक्षीदार नाही. सुरू झाल्याचाही नाही."

काकूंचं त्यांच्याशी वैर नव्हतं, पण त्या नोंदीला घाबरतही नसत.

"अगं, दाढ दुखते ती सतत, की अधूनमधून?"

"तुम्ही विचारलंत की दुखते."

काकांनी ते जसंच्या तसं 'काय दिसलं' या रकान्यात उतरवून घेतलं.

त्यांची दोन वाक्यं मला पाठ झाली होती. एक: "बिघाड एका वेळी एकच असतो. दुसरा आपण हात लावून केलेला असतो." आणि दुसरं: "आपल्या टोकाला ठीक आहे, याला काही अर्थ नाही."

आठवड्यातून तीन दिवस सकाळी चांगुणाबाय मासळीची पाटी घेऊन जिना चढत असे. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वीस वर्षं त्या घरात तिचीच मासळी येत होती आणि वीस वर्षं ती काकांना 'टेलिफोन' म्हणत होती. काका जिन्यात उकिडवे बसून बोंबलाचा, पापलेटाचा कल्ला उचलून बघत.

"हे असं केव्हापासून आहे?"

"मेल्यापासून, टेलिफोन."

"म्हणजे नेमकं?"

"आता मी त्याच्याजवल बसलेली काय? घ्या काकू, ह्यांचं मनावर नको घेऊ. कापू का?"

काकांनी त्या वर्षी कॉम्प्युटर घेतला. तो आणल्यावर सहा आठवडे त्यांनी बटण दाबलं नाही; त्याच्याबरोबर आलेली पुस्तकं आधी वाचून काढली. नंतर मोडेम लावला. इंटरनेट जोडलं जाताना मोडेम जी खरखर करतो ती ऐकून शेजारीपाजारी कानावर हात ठेवत. काका कान जवळ नेत. "कोपऱ्यावरच्या पेटीत ओल आहे," असं ते सांगत. पुढच्या आठवड्यात खात्याची माणसं तीच पेटी उघडून बसलेली दिसत. ही गोष्ट मी दोनदा स्वतः पाहिली आहे, म्हणून लिहिते.

घरात एकाच लाईनवर तीन फोन होते. एक स्वयंपाकघरात, फ्रिजवर. इंटरनेट चालू असताना कुठलाही उचलला की जोडणी तुटे. खात्यातल्या पद्धतीप्रमाणे काकांनी पुठ्ठ्याच्या तीन पाट्या करून तिन्ही फोनांना दोऱ्याने बांधल्या: "लाईनवर माणूस काम करत आहे."

"आणि मी काय करतेय?" काकूंनी पोळी लाटता लाटता विचारलं. पण फोन उचलला नाही.

त्या फेब्रुवारीत आमच्या दैनिकाच्या पाचव्या पानावर तळाशी तीन ओळींची बातमी आली. पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदरात मालवाहू जहाजावरचा एक भारतीय खलाशी तापाने इस्पितळात मरण पावला होता. नाव समजू शकलं नव्हतं. बातमी वृत्तसंस्थेची होती. पानावर ती मीच लावली होती. जहाजाचं नाव कापायचं मनात होतं. जागा उरली म्हणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाय पाटीशिवाय आली. तिच्या हातात तेवढाच फाडलेला कागद होता. तिला वाचता येत नव्हतं; बातमी कोणीतरी वाचून दाखवली होती आणि जहाजाचं नाव तिला पाठ होतं. तिचा धाकटा मुलगा हरेश आठ महिन्यांपूर्वी त्याच जहाजावर गेला होता. त्याच्याबरोबर आपल्याकडचे आणखी सहा जण होते. सगळे ठाणे ते शीळफाटा या पट्ट्यातले, एकाच एजंटाने भरती केलेले. एजंटाच्या ऑफिसला कुलूप होतं. जहाज ते बंदर सोडून गेलं होतं आणि कुठे गेलं ते कोणाला सांगता येत नव्हतं.

तिने कागद माझ्यापुढे धरला. "यो माजा हाय का?"

मी सांगितलं, पेपरला एवढंच माहीत आहे.

"पेपरला काय माहीत आहे ते राहू द्या," काका आतून म्हणाले. "त्या टोकाला कोण आहे?"

हा प्रश्न न्यूजरूममध्ये कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

त्या टोकाला खलाशांसाठी चालवलेलं एक विश्रामगृह निघालं. पत्ता मिळवून मी ऑफिसातून ईमेल पाठवला. चौथ्या दिवशी तिथल्या चिटणिसाचं मोडक्या इंग्रजीत उत्तर आलं. मेलेल्या माणसाला तो इस्पितळात तीन दिवस भेटायला जात होता. माणूस बोलण्याच्या स्थितीत नव्हता आणि त्याचे कागद जहाजावर राहिले होते. नाव सांगता येणार नाही, पण चेहरा विसरलेलो नाही. फोटो पाठवा, मी ओळखेन, असं त्याने लिहिलं होतं.

फोटो पाठवणं सोपं नव्हतं. ईमेलला जोडलेले फोटो त्याच्या टपालपेटीत मावेनात. दोनदा परत आले. फॅक्स केला तर सातही जण सारखेच काळे गेले. कुरियरला तीन आठवडे लागणार होते. चिटणिसाने कळवलं की त्याच्या मशीनवर वेबसाइट मात्र उघडते, सावकाश.

काकांनी वहीचं नवीन पान काढलं आणि वेबसाइट बनवायचं पुस्तक आणायला गेले.

सात घरांतून फोटो चांगुणाबायने आधीच, दोन दिवसांत गोळा केले होते. एक नवरदेवाच्या मुंडावळ्यांतला होता. एक ग्रुप फोटोतून कापलेला; त्या मुलाच्या खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात राहिला होता. हरेश स्टुडिओतल्या मोटारसायकलवर बसला होता. दिव्याला चाळीत राहणाऱ्या शिर्क्यांकडे मुलाचा एकच मोठेपणीचा फोटो होता, बारावीच्या हॉलतिकिटावरचा. त्यांनी तो हॉलतिकिटावरून सोडवून दिला आणि परत आणून द्यायचं वचन घेतलं.

पान तयार करताना एकच वाद झाला. काकांना प्रत्येक फोटोखाली नाव हवं होतं.

"नाव नको," चांगुणाबाय म्हणाली. "मेल्याच्या चौकशीन जित्याचं नाव लिवत नाय."

"मग नंबर देतो. एक ते सात."

"नंबर काय, चोर हायत ती पोरं?"

"बाय, खुणेशिवाय ओळख पटायची कशी?"

"तोंड हाय ना खुणेला! आईनं दिलंय. तुजा नंबर कशाला?"

काकूंनीही तिचीच बाजू घेतली. काका माघार घेताना मी त्या घरात पहिल्यांदा पाहिले. फोटो नुसतेच एकामागून एक लावले गेले.

वर इंग्रजीत चार ओळी मी लिहिल्या. त्यांच्यावर एक मराठी ओळ चांगुणाबायने सांगितली, चुकून त्या पोरांपैकी कोणाच्या दृष्टीस पडलं तर म्हणून: "पोरांनो, घरी वाट बघतात, कोणीतरी बोला." त्याखाली मी बारीक अक्षरांत सूचना टाकली की वरची अक्षरं नीट दिसत नसल्यास सोबतचा फाँट उतरवून घ्यावा. ही सूचना मी तीनदा सुधारली. ती मराठीतच होती आणि त्याच फाँटमध्ये होती.

फोटो मी आमच्या ऑफिसच्या मशीनवर स्कॅन केले होते. तिथल्या डिस्कवर 'बोट' नावाचा एक कप्पा केला, त्यात सातही ठेवले आणि फ्लॉपीवर घालून घरी आणले. काकांनी आपल्या डिस्कवर त्याच नावाचा कप्पा करून ते त्यात ठेवले. नाव बदललं नाही. विनाकारण बदल करायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

एका परदेशी कंपनीने फुकट दिलेल्या जागेवर पान चढवायला तीन दुपारी गेल्या. पहिल्या दिवशी "असं पान अस्तित्वात नाही" असं उत्तर येत राहिलं. काकांनी ते प्रत्येक वेळी वेळेसकट लिहून घेतलं. कारण दुसऱ्या दिवशी सापडलं: पान चुकीच्या कप्प्यात गेलं होतं. त्या दिवशी जोडणी पाच वेळा तुटली. तिसऱ्या दिवशी पान उघडलं. सात फोटो, मराठी ओळ, सगळं जागच्या जागी.

"आपल्या टोकाला ठीक आहे," काका म्हणाले. "याला काही अर्थ नाही. तुम्ही ठाण्याहून बघा."

मी ऑफिसात जाऊन पान उघडलं आणि फोन केला.

"काय दिसतंय?"

"सात फोटो. मराठी ओळ नीट आहे."

"सातही चेहरे?"

"सातही."

त्यांनी वहीत लिहिलं: "दोन्ही टोकं ठीक." मग चिटणिसाला पत्ता कळवला.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पान उघडतं, पण सात रिकाम्या चौकटी दिसतात, प्रत्येकीत एक लहान लाल फुली. वर काही विचित्र चिन्हं आहेत. ती तुमची भाषा आहे का?

"पण आपल्याकडे तर दिसतंय," मी म्हणाले.

"हे वाक्य मी बत्तीस वर्षं ऐकलंय," काका म्हणाले. "म्हणणारा दर वेळी चुकलेला असतो." मग त्यांनी शर्ट घातला. "जे मशीन माझं नाही आणि तुमचंही नाही, अशा मशीनवर जायचं."

कल्याणला नुकतंच एक सायबर कॅफे उघडलं होतं. निघताना चांगुणाबाय जिन्यात भेटली आणि पाटीसकट रिक्षात बसली. कॅफेच्या मालकाने काचेचं दार अर्धंच उघडलं.

"मावशी, एसी आहे आत. वास येतो."

"नाक धर नि मशीन लाव."

त्याने लावलं. पान उघडलं. सात चौकटी, सात लाल फुल्या आणि वर चिन्हांची एक ओळ. त्याखाली माझी सूचना होती, तीही चिन्हांत. काकांनी उभ्याने वहीत लिहिलं: "चौकटी तीन, तीन, एक. फुल्या सात. मराठी नाही."

चांगुणाबायने पदराला हात पुसून स्क्रीनला बोट लावलं. "माजा पोर कुठं हाय यान?"

काकांनी मालकाला पानामागची मूळ लिखावट उघडायला सांगितली आणि चष्मा कपाळावर चढवून ती ओळीओळीने वाचू लागले. एका ओळीशी थांबले. मग मला म्हणाले, "हा पत्ता वाचा."

मी वाचला. फोटो कुठून आणायचा त्याचा तो पत्ता होता. तो परदेशातल्या त्या जागेचा नव्हता. 'याच मशीनच्या डिस्कवरचा बोट हा कप्पा' एवढंच त्यात होतं. पान ज्या मशीनवर उघडेल त्याला ते सांगत होतं की फोटो तुझ्याच घरात आहेत, तूच काढ. डोंबिवलीच्या मशीनमध्ये तो कप्पा होता. ठाण्याच्याही होता, तो मीच केला होता. बाकी जगात कुठे नव्हता. मराठीचंही तसंच. काकांकडे फाँट होता, आणि वर्तमानपत्राच्या ऑफिसात तर फाँट असणारच. दुसरं टोक म्हणून ज्याला विचारलं ते पहिल्याचंच भावंड होतं.

मालकाला काही कळलं नाही. चांगुणाबायला लगेच कळलं.

"म्हंजे तुजा मासा माज्या टोपलीन शोधायचा. कसा गावंल?"

"नाही गावायचा," काका म्हणाले.

परतताना रिक्षात काका वही मिटून बसले. त्यांना फोटोंपेक्षा दुसरीच गोष्ट लागली असावी, असा माझा तेव्हा समज झाला: बिघाड दोन होते, एकाच वेळी होते आणि कोणी हात लावून केलेले नव्हते. एका वेळी एकच बिघाड असतो, हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातही फोटो पानाबरोबर चढवले, पत्ते बदलले आणि मराठी ओळीचंच एक चित्र करून टाकलं. माझी सूचना काढून टाकली. मग पुन्हा कल्याण. या वेळी चेहरे आले. चांगुणाबाय हरेशकडे बराच वेळ बघत राहिली.

"मोटारसायकल दिसते ती स्टुडिओची हां," ती कॅफेच्या मालकाला म्हणाली. "आमच्या घरान सायकल पण नाय."

चिटणिसाचं उत्तर काकांच्या टपालपेटीत आलं तेव्हा मला साप्ताहिक सुट्टी होती. सकाळचे दहा वाजले होते. उत्तर दोन ओळींचं होतं. दुसरी रांग, डावीकडून पहिला. मला फार वाईट वाटतं.

काकांनी पान उघडलं. त्यांच्या स्क्रीनवर वर चार फोटो होते आणि खाली तीन. दुसऱ्या रांगेत डावीकडून पहिला हरेश होता, मोटारसायकलवर.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी स्क्रीन पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"अहो, तिला कसं सांगायचं?"

"काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही." काकांनी वही मागे चाळली, कल्याणच्या पानाशी थांबले आणि बोट ठेवलं. "कल्याणला तीन, तीन, एक दिसलं होतं. इथे चार, तीन आहेत. मशीनचा पडदा लहान असेल तर वरच्या रांगेत तीनच मावतात आणि चौथा खाली उतरतो. त्याचा पडदा केवढा, आपल्याला माहीत नाही."

म्हणजे चौथा किंवा पाचवा. चौथा फोटो हॉलतिकिटावरचा होता, शिर्क्यांच्या विलासचा. नंबर घातले असते तर हा प्रश्न उरला नसता.

"फोटोत काय दिसतं तेही विचारून घेऊ का?" मी म्हटलं.

"एकच प्रश्न. दोन विचारले की माणूस सोप्याचं उत्तर देतो."

त्यांनी लिहिलं: तुम्हाला वरच्या रांगेत किती फोटो दिसतात? पत्र गेल्याची खात्री करून ते उठले, एवढ्यात दार वाजलं. शुक्रवार होता. चांगुणाबाय पाटी उतरवून उभी होती.

"आलं काय?"

मला वाटलं, ते नाही म्हणतील. काकूंना वाटलं, मी तरी 'नाही' म्हणेन.

"आलंय," काका म्हणाले.

"मंग बोल."

"त्याने बोट दाखवलंय. ते दोघांपैकी कोणावर आहे हे त्यालाच विचारलंय. उत्तर यायचंय."

"दोघं कोन?"

"ते मी सांगणार नाही."

"माजा हाय त्यान." हा प्रश्न नव्हता.

काकांना खोटं बोलता येत नसे आणि ती वीस वर्षं त्यांना ओळखत होती. तिने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली नाही. काकूंनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. संध्याकाळपर्यंत ती ओट्याला पाठ लावून बसली होती. पाटीतली मासळी काकूंनी शेजारी वाटून टाकली. शनिवारी सकाळी चांगुणाबाय पाटीशिवाय आली आणि त्याच जागी बसली.

त्या दोन दिवसांत काका दर तासाला जोडणी लावून टपालपेटी बघत होते. प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात येऊन "नाही" एवढंच सांगत. मी विचारलं, नसताना मुद्दाम सांगायला का जायचं. ते म्हणाले, "लाईन जिवंत आहे हे पलीकडच्याला कळलं पाहिजे."

एकदा ती म्हणाली, "टेलिफोन, तुला काय वाटतं?"

"मला वाटत नाही. मला दिसतं. अजून दिसलं नाही."

"लई दगड हायस रे."

"हो."

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी माझा डबा घेऊन ऑफिसला निघून जायचं ठरवलं. गेले मात्र नाही.

उत्तर शनिवारी दुपारी साडेतीनला आलं. एकच आकडा होता: ३. काकांनी तो वाचला, पुन्हा वाचला, वहीत लिहिला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बाय, तुझा नाही."

तिने डोळे मिटले. "मंग कोनाचा?"

"दिव्याच्या शिर्क्यांचा."

ती उठली, लुगडं सारखं केलं. "त्येचा फोटू दे. म्हाताऱ्याला परत देयाचं बोललेली मी."

"अगं, आज लगेच?" काकू म्हणाल्या.

"कवा मग? त्यो पण तिकडं बसलाच असंल ना."

काकांनी फोटो पाकिटात घातला आणि पायात चपला सरकवल्या. शोकाच्या घरी जायचं त्यांनी आयुष्यभर टाळलं होतं. सख्ख्या मेहुण्याच्या वेळीही काकू एकट्या गेल्या होत्या. या वेळी कोणी त्यांना चला म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही.

दिव्याला काय झालं ते मी पाहिलेलं नाही. चांगुणाबायने नंतर काकूंना सांगितलं ते असं. टेलिफोन दारातच उभा राहिला. म्हाताऱ्याला म्हणाला, तुमचा विलास गेला, तापाने, इस्पितळात. मागेपुढे काही बोलला नाही. म्हातारा बराच वेळ पाकिटाकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "जवळ कोणी होतं?" टेलिफोन म्हणाला, "होतं. तीन दिवस येत होतं. त्याचं नाव माझ्याकडे लिहिलेलं आहे." मग म्हाताऱ्याने त्याला आत बोलावलं आणि ते दोघे खाटेवर शेजारी शेजारी बसले, दिवे लागेपर्यंत.

बाकीचे सहा जण मे महिन्यात परतले. हरेश भेटायला आला तेव्हा काकांनी त्याला तासभर जहाजावरच्या वायरलेसबद्दल विचारलं. चांगुणाबाय पुन्हा पाटी घेऊन सकाळी येऊ लागली. कल्ले पूर्वीसारखेच तपासले जात.

तक्रार मिटली की नोंद बंद करायची, ही खात्याची रीत. काकांनी पान काढून टाकायचं ठरवलं तेव्हा शिर्के दिव्याहून आले. गिरणीतून निवृत्त झालेला, शांत, मोजकं बोलणारा माणूस. ते म्हणाले, "सहा काढा. आमचा राहू द्या. त्या देशात त्याचं दुसरं काही नाही."

काकांनी सहा फोटो उतरवले. एक ठेवला.

त्यानंतर शिर्के महिन्यातून एका रविवारी येत. तोच फोटो त्यांच्या घरी भिंतीवर होता, पण त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. पहिल्या खेपेला पान चटकन उघडलं तेव्हा त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "हा इथला, की तिथला?"

प्रश्न बरोबर होता. एकदा बघितलेल्या पानाची प्रत मशीन स्वतःजवळ ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच दाखवतं. काकांनी ते खरं सांगितलं. म्हणाले, "हा इथला. थांबा." त्यांनी ती प्रत पुसली आणि पुन्हा जोडणी लावली.

पुढे शिर्क्यांची पावलं जिन्यात वाजली की काका उठून मशीनशी जात आणि साठलेली प्रत पुसून टाकत. मी तिथे राहत होते तोवर हे एकदाही चुकलं नाही. मग दोघे खुर्च्या ओढून बसत. मोडेम खरखरे, गप्प होई, पांढरं पान उघडे. फोटो वरून खाली उतरत येई, एकेक रेघ. आधी केस, मग कपाळ. मध्येच अडे. दोघांपैकी कोणी हलत नसे. मग भुवया येत, मग डोळे.

डोळे आले की शिर्के म्हणत, "आला."